विश्लेषण: भूकंपात इमारतच जमिनीपासून 'सुटी' ठेवली तर? किल्लारीतला प्रयोग आणि चिचगडच्या दवाखान्याचा प्रश्न

४ डिसेंबर २०२४. सकाळचे ७ वाजून २७ मिनिटं झाली होती. तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे धक्के सीमा ओलांडून महाराष्ट्रातही पोहोचले. गडचिरोली, चंद्रपूरपासून थेट नागपूरपर्यंत लोकांना जमीन हलल्याचं जाणवलं. अनेक जण घाबरून घराबाहेर आले. सुदैवाने मोठं नुकसान झालं नाही आणि दोन दिवसांत विषय मागे पडला.

पण या भूकंपाने पूर्व विदर्भात एक प्रश्न मागे ठेवला. 'आपल्याकडे भूकंप होत नाही' असं इथे सर्रास मानलं जातं. ते खरं आहे का? आणि उद्या याहून मोठा धक्का बसलाच, तर गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगडसारख्या गावात कोणती इमारत उभी राहायलाच हवी?

चिचगड हे देवरी तालुक्यातलं, छत्तीसगडच्या सीमेजवळचं गाव. आजूबाजूला जंगल आणि विखुरलेल्या आदिवासी वस्त्या. इथे ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्ह्याचं ठिकाण लांब असलेल्या या भागात अपघात, बाळंतपण, सर्पदंश काहीही झालं तरी लोक आधी इथेच येतात. भूकंपानंतर जखमींनाही आधी इथेच आणलं जाईल. म्हणजे ज्या दिवशी रुग्णालयाची सर्वात जास्त गरज असेल, त्याच दिवशी ती इमारत स्वतः हादरलेली असेल.

रुग्णालयांपुढच्या याच पेचावर जगभरात 'बेस आयसोलेशन' नावाचं तंत्रज्ञान वापरलं जातं. भारतात त्याची सुरुवात महाराष्ट्रातूनच झाली होती, हे मात्र फारसं कुणाला माहीत नाही.

बेस आयसोलेशन म्हणजे नेमकं काय?

आधी भूकंपात इमारत का पडते ते पाहू. एसटी अचानक सुटली की उभा प्रवासी मागे कलंडतो. पाय गाडीसोबत पुढे जातात, पण अंग जागेवरच राहायला बघतं. इमारतीचंही तसंच होतं. जमीन झटक्यात एका बाजूला सरकते, पाया तिच्यासोबत जातो, पण वरचे मजले आणि छत आपल्या वजनामुळे जागच्या जागी राहू पाहतात. हा सगळा ताण मधल्या भिंतींवर आणि कॉलमवर येतो. छत जितकं जड, तितका हा ताण जास्त.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे कॉलम, बीम आणि भिंती इतक्या मजबूत करायच्या की त्यांनी हा ताण सोसावा. बेस आयसोलेशनचा विचार वेगळा आहे. ताण सोसण्याऐवजी तो वर पोहोचूच द्यायचा नाही. त्यासाठी पाया आणि वरची इमारत यांच्यामध्ये आडव्या दिशेने सहज सरकणारा थर ठेवला जातो.

डोक्यावर दोन हंडे घेऊन खडबडीत वाटेने चालणारी बाई आठवून पाहा. पाय वर-खाली, इकडे-तिकडे पडत असतात, पण कंबर आणि मान ती हालचाल मधेच जिरवतात. हंडे जवळपास स्थिर राहतात, पाणी सांडत नाही. इमारतीखालचे आयसोलेटर हेच काम करतात.

हे आयसोलेटर कसे असतात?

सर्वात जास्त वापरला जाणारा प्रकार म्हणजे लेड-रबर बेअरिंग. रबराचे पातळ थर आणि पोलादाच्या पातळ चकत्या एकावर एक रचून चिकटवलेल्या असतात आणि मधोमध शिशाचा जाड दांडा असतो. प्रत्येक कॉलमखाली असा एक ठोकळा बसवला जातो.

यातल्या प्रत्येक पदार्थाचं काम वेगळं आहे. पोलादामुळे ठोकळा इमारतीच्या वजनाने दबून बाहेर फुगत नाही. रबरामुळे तो आडवा सहज वाकतो आणि पुन्हा मूळ जागी येतो. शिसं हा मऊ धातू आहे. तो मागे-पुढे वाकताना भूकंपाची ऊर्जा उष्णतेच्या रूपात खर्च करतो, त्यामुळे इमारत झोक्यासारखी झुलत राहत नाही. वाऱ्याच्या किंवा किरकोळ हादऱ्याच्या वेळी मात्र हाच दांडा ठोकळ्याला ताठ ठेवतो.

न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ बिल रॉबिन्सन यांनी १९७० च्या दशकात हे बेअरिंग तयार केलं. वेलिंग्टनमधली विल्यम क्लेटन बिल्डिंग ही त्यावर उभी राहिलेली पहिली इमारत १९८१ मध्ये पूर्ण झाली.

यामागचं गणितही समजण्यासारखं आहे. दोन-तीन मजली पक्की इमारत एकदा इकडून तिकडे डुलून परत यायला साधारण ०.२ ते ०.५ सेकंद घेते. भूकंपाच्या लाटांचा मोठा जोर बहुतेकदा याच वेगाच्या आसपास असतो, म्हणून अशा इमारतीला धक्का जबर बसतो. आयसोलेटर लावले की तीच इमारत २ ते ३ सेकंदांत एक हेलकावा घेते. लाटांचा वेग आणि इमारतीचा वेग जुळत नाही आणि वर पोहोचणारा ताण बराच कमी होतो. योग्य परिस्थितीत हा ताण पाच-सहा पटींपर्यंत कमी होऊ शकतो.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीला गणपतीचं विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा हादरला. ६.२ तीव्रतेच्या या भूकंपात जवळपास आठ हजार लोकांचा जीव गेला. एवढ्या मृत्यूंमागचं मोठं कारण घरांच्या बांधणीत होतं. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यावर मातीचं जड माळवद. भिंती फुटल्या आणि हे सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं.

त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला गेला आणि ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली. याच काळात नव्या किल्लारीत दोन इमारती रबरी आयसोलेटरवर उभ्या राहिल्या. एक शाळेची आणि दुसरी दुकानांची. दोन्ही एकमजली, विटांच्या भिंतींच्या आणि काँक्रीटच्या छताच्या. भारतात बेस आयसोलेशन प्रत्यक्ष बांधकामात करून दाखवण्याचा हा पहिला प्रयोग होता.

म्हणजे परदेशातल्या गगनचुंबी इमारतींसाठी आहे असं वाटणारं हे तंत्र आपल्याकडे आलं ते मराठवाड्यातल्या एका गावात, विटांच्या साध्या इमारतींमध्ये. किल्लारीत त्यानंतर तेवढा मोठा भूकंप झालेला नाही. त्यामुळे या दोन इमारतींची खरी परीक्षा अजून झालेली नाही.

मग रुग्णालयात हे कधी वापरलं गेलं?

२६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमधल्या कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात भूजचं सिव्हिल हॉस्पिटलच कोसळलं. हजारो जखमींवर उपचार कुठे करायचे, हा प्रश्न उभा राहिला आणि उघड्यावर तंबू टाकून काम सुरू करावं लागलं.

त्याच शहरात पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून ३०० खाटांचं नवं रुग्णालय बांधलं गेलं आणि ते न्यूझीलंडच्या तंत्रज्ञानाच्या लेड-रबर बेअरिंगवर उभं केलं गेलं. २००४ मध्ये ते सुरू झालं. भूज देशातल्या सर्वात जास्त धोक्याच्या झोन ५ मध्ये येतं. त्यामुळे तिथे हा खर्च करण्यामागे स्पष्ट कारण होतं.

प्रत्यक्ष भूकंपात हे टिकतं का?

याची तीन उदाहरणं महत्त्वाची आहेत.

पहिलं अमेरिकेतलं. १७ जानेवारी १९९४ रोजी लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज भूकंप झाला. तिथलं ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालय १९७१ च्या भूकंपात मोडलं होतं, म्हणून ते पुन्हा अतिशय मजबूत बांधलं गेलं होतं. १९९४ मध्ये त्याचा सांगाडा टिकला, पण आतल्या पाण्याच्या पाइपलाइन फुटल्या, पाणी साचलं आणि रुग्णांना बाहेर हलवावं लागलं. त्याच शहरातलं आयसोलेटरवर उभं असलेलं यूएससी युनिव्हर्सिटी हॉस्पिटल मात्र काम करत राहिलं.

दुसरं चीनमधलं. २० एप्रिल २०१३ च्या भूकंपात लूशान इथल्या काउंटी रुग्णालयाची आयसोलेटर असलेली इमारत वापरात राहिली आणि तिथे जखमींवर उपचार झाले. त्याच आवारातल्या साध्या पायाच्या इमारतींचं मात्र बरंच नुकसान झालं.

तिसरं तुर्कीतलं. तिथल्या आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये जास्त धोक्याच्या भागांतल्या १०० किंवा त्याहून जास्त खाटांच्या नव्या रुग्णालयांना आयसोलेटर बंधनकारक केले. ६ फेब्रुवारी २०२३ च्या महाभूकंपात इस्केंदेरूनमधल्या जुन्या सरकारी रुग्णालयाचा भाग कोसळला, पण आयसोलेटरवरचं अदाना शहरातलं मोठं रुग्णालय सुरू राहिलं आणि त्याने आजूबाजूच्या भागातले जखमी स्वीकारले.

तिन्ही ठिकाणी मुद्दा एकच दिसतो. इमारत न पडणं आणि इमारत सुरू राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घर न पडलं तरी पुरे असतं, कारण माणसं जिवंत बाहेर येतात. रुग्णालयाला तेवढं पुरत नाही. ऑक्सिजनची लाइन, पाणी, वीज, एक्स-रे मशीन आणि ऑपरेशन थिएटर दुसऱ्या मिनिटाला चालू लागतं.

एवढं चांगलं असेल तर सगळीकडे का नाही?

पहिलं कारण खर्चाचं. फक्त बेअरिंग विकत घेऊन भागत नाही. बेअरिंगच्या खाली पाया लागतो आणि वर पुन्हा बीम-स्लॅबची जाळी लागते, म्हणजे एका अर्थी इमारतीला दोन तळ लागतात. मोठ्या रुग्णालयाच्या एकूण खर्चात हा वाढीव भाग सामावतो. दोन मजली इमारतीला तोच जड जातो.

दुसरं कारण जागेचं. भूकंपात ही इमारत काही सेंटीमीटर ते काही वेळा फुटभर बाजूला सरकते. त्यासाठी चारही बाजूंनी मोकळी फट ठेवावी लागते आणि पाणी, गॅस, विजेच्या लाइनना लवचीक जोड द्यावे लागतात. पुढे कुणी ती फट विटा-मातीने भरली किंवा तिथे भिंत बांधली, तर आयसोलेटरचा उपयोगच संपतो. म्हणजे देखभाल कायम हवी.

तिसरं कारण जमिनीचं. मऊ, गाळाच्या जाड थरावर जमीन स्वतःच संथ हेलकावे घेते. तिथे इमारतीचा वेग संथ केल्यास दोघांची लय जुळू शकते आणि फायद्याऐवजी तोटा होतो. उंच टॉवर मुळातच संथ डुलतात, त्यामुळे त्यांनाही याचा उपयोग मर्यादित असतो. कठीण जमिनीवरच्या बसक्या इमारतींना हे तंत्र सर्वात जास्त मानवतं.

चौथं कारण नियमांचं. बेस आयसोलेशनच्या इमारतींसाठी भारताचं स्वतंत्र मानक, आयएस १८९३ चा भाग ६, आलं ते २०२२ मध्ये. किल्लारीच्या प्रयोगानंतर इतक्या वर्षांनी.

चिचगडला भूकंपाचा धोका किती?

२००२ आणि २०१६ च्या मानकांनी देशाची विभागणी झोन २ ते झोन ५ अशी चार भागांत केली. गोंदिया जिल्हा त्यातल्या सर्वात कमी धोक्याच्या झोन २ मध्ये येतो. या झोनसाठी मानकाने धरलेला हादरा गुरुत्वाकर्षणाच्या ०.१० पट आहे. भूज ज्या झोन ५ मध्ये येतं, तिथे तो ०.३६ पट आहे. म्हणजे साडेतीन पटींहून जास्त फरक.

चिचगडच्या उत्तरेला साधारण अडीचशे किलोमीटरवर जबलपूर आहे. तिथे २२ मे १९९७ रोजी ५.८ तीव्रतेच्या भूकंपात तीसहून जास्त लोकांचा मृत्यू झाला. दक्षिणेला गोदावरी खोऱ्यात भद्राचलमला १३ एप्रिल १९६९ रोजी ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि २०२४ चा मुलुगूचा भूकंपही त्याच पट्ट्यातला. चिचगड या दोन सक्रिय पट्ट्यांच्या मधे, दोन्हींपासून बरंच लांब आहे. त्यामुळे लांबून येणारे धक्के जाणवणार, पण अंतरामुळे त्यांचा जोर ओसरलेला असणार, असा साधा अंदाज निघतो.

मग निश्चिंत राहायचं का? इथे पुन्हा किल्लारी आठवावी लागते. १९९३ मध्ये तो भाग तेव्हाच्या नकाशात झोन १ मध्ये होता. देशातल्या सर्वात कमी धोक्याच्या झोनमध्ये. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेत मोठा भूकंप झाला, तेव्हा तो परिसरही कमी धोक्याचाच मानला जात होता. दोन्ही वेळा आधी माणसं गेली आणि नंतर नकाशा बदलला. कोयना आज झोन ४ मध्ये आहे, तर २००२ मध्ये झोन १ रद्द करून लातूरचा भाग झोन ३ मध्ये टाकण्यात आला.

झोनचा नकाशा म्हणजे आतापर्यंत हाती आलेल्या माहितीवरचा अंदाज असतो. 'इथे भूकंप होणार नाही' अशी हमी तो देत नाही.

मग चिचगडच्या रुग्णालयाला आयसोलेटर लावायचे का?

प्रामाणिक उत्तर आहे: आजच्या माहितीनुसार नाही. झोन २ मध्ये, एक-दोन मजली इमारतीसाठी तोच पैसा दुसरीकडे जास्त उपयोगी पडेल. आयसोलेटरवरचा खर्च आधी झोन ४ आणि ५ मधल्या मोठ्या रुग्णालयांवर व्हायला हवा. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर कोयना परिसराचा विचार आधी करावा लागेल.

पण आयसोलेटर नको म्हणजे काहीच नको, असं नाही. रुग्णालय आणि शाळा या इमारती साध्या इमारतीपेक्षा दीडपट ताण धरून डिझाइन कराव्यात, असं २०१६ चं मानक सांगतं. हा नियम झोन २ लाही लागू आहे. चिचगड असो वा देवरी, नव्या बांधकामात हे गणित केलंय का, हे विचारण्याचा लोकांना पूर्ण अधिकार आहे.

आणि हे गणित कागदावर असून भागत नाही, ते साइटवर उतरावं लागतं. कॉलममधल्या रिंगांचं उदाहरण घ्या. रिंगेची टोकं १३५ अंशात आत वळवलेली हवीत. ती ९० अंशातच सोडली, तर मोठ्या हादऱ्यात रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. सळई तीच, सिमेंट तेच, फरक फक्त वाकवण्याचा. भूकंपातली ही लवचिकता सांभाळणारे आयएस १३९२० चे नियम झोन ३ पासून पुढे बंधनकारक आहेत. झोन २ मधल्या रुग्णालयासाठी ते स्वतःहून पाळले, तर वाढणारा खर्च आयसोलेटरच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे.

दुसरी गोष्ट आतल्या सामानाची. औषधांची उंच कपाटं भिंतीला पक्की करणं, ऑक्सिजन सिलिंडर साखळीने बांधणं, छतावरची पाण्याची टाकी घट्ट बसवणं, जनरेटर हलणार नाही असा ठेवणं. ऑलिव्ह व्ह्यूमध्ये सांगाडा टिकूनही रुग्णालय बंद पडलं ते आतल्या पाइपलाइनमुळे. यातली बरीच कामं एका दिवसात, गावातल्या मिस्त्रीकडूनही होऊ शकतात.

घरांचं काय?

देवरी भागातली जुनी घरं मातीच्या भिंतींची आणि कवेलूच्या छपराची. किल्लारीच्या माळवदापेक्षा हे छप्पर बरंच हलकं असतं, ही जमेची बाजू. आता घरकुल योजनेतून विटांची आणि स्लॅबची घरं उभी राहत आहेत. ती पावसापाण्याला चांगली, पण डोक्यावरचं वजन वाढलेलं असतं. अशा घराला वजन पेलणारी जोडणी मिळाली नाही, तर ते कवेलूच्या घरापेक्षाही धोक्याचं ठरू शकतं.

त्यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. दारं-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर चारही भिंतींमधून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा, म्हणजे लिंटेल बँड. खोक्याला दोरी बांधावी तसा तो चारही भिंतींना एकत्र धरून ठेवतो. अनेकदा पैसे वाचवायला फक्त दार-खिडकीपुरताच तुकडा टाकला जातो आणि तिथेच चूक होते. घर बांधताना मिस्त्रीला दोन प्रश्न विचारता येतील. पट्टा चारही भिंतींवर सलग आहे का? आणि कोपऱ्यात सळया एकमेकींत अडकवल्या आहेत का?

थोडक्यात काय?

बेस आयसोलेशन हे सिद्ध झालेलं तंत्र आहे. जिथे धोका मोठा आहे आणि भूकंपानंतरही रुग्णालय सुरू राहायला हवं, तिथे त्याला पर्याय शोधणं कठीण आहे. देशात त्याची सुरुवात करणाऱ्या महाराष्ट्राने जास्त धोक्याच्या भागातल्या नव्या जिल्हा रुग्णालयांसाठी त्याचा गांभीर्याने विचार करायला हवा.

चिचगडसाठी तातडीचं काम वेगळं आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या आणि शाळांच्या इमारतींची एकदा भूकंपाच्या दृष्टीने तपासणी होणं, नव्या बांधकामात दीडपटीचा नियम पाळला जाणं आणि प्रत्येक घरकुलात लिंटेलचा सलग पट्टा पडणं. ग्रामसभेत यातला एक विषय जरी मांडला गेला, तरी सुरुवात होऊ शकते.